एक डबा, दोन डिझेल गाड्या

चि. सोन्या,


गाडीचा फोटो मिळाला. रंग छान आहे, आणि सेकंड हँड घेताना सर्व्हिसिंगची सगळी बिलं मागून घेतलीस हे त्याहून छान. पण मला खरा आनंद झाला तो तुझ्या प्रश्नाचा. गाडी घेतली की माणसं मला अ‍ॅव्हरेज विचारतात, टायर विचारतात, सीट कव्हरसुद्धा विचारतात. इंजिन ऑइलचं कुणी विचारत नाही. तू विचारलंस, "आईच्या डिझायरला आणि माझ्या गाडीला मिळून एकच मोठा डबा आणला तर चालेल का? दोन्ही डिझेलच तर आहेत."

फोनवर मी उत्तर दिलं नाही, कारण ते एका शब्दात देण्यासारखं नाही. तुझ्या गाडीसाठी आणलेलं ऑइल आईच्या गाडीला बहुतेक चालून जाईल. आईच्या गाडीत आजवर पडत आलेलं ऑइल मात्र तुझ्या गाडीत एकदाही पडता कामा नये. असं का, हे तुला नीट कळावं म्हणून लिहायला बसले. माझी सगळी नोकरी इथे पुण्यातच इंजिनांच्या चाचण्यांत गेली. उघडलेल्या इंजिनात चुकीच्या ऑइलने काय होतं ते जवळून पाहिलं आहे, आणि ते तुझ्या गाडीचं होऊ नये एवढीच इच्छा आहे.

आधी दोन्ही गाड्यांत फरक काय ते बघ. आईची डिझायर २०१४ ची, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस ४ नियमांची. तिचं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं मल्टिजेट. मारुतीने ते परवाना घेऊन हरियाणात मानेसरला बनवलं, आणि तेच इंजिन आपल्याकडे रांजणगावच्या कारखान्यातूनही बाहेर पडत होतं. पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, स्विफ्ट, डिझायर अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं, इतकं की गाड्यांवर लिहिणारे त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. २००५ मध्ये त्याच्या आकाराच्या गटात त्याला 'इंजिन ऑफ द इयर'चा आंतरराष्ट्रीय मानही मिळाला होता. फार गुणी इंजिन. एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ आलं तेव्हा मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या आणि त्याचा प्रवास थांबला.

तुझी गाडी त्या तारखेनंतरची. बीएस ४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम काजळीकण सोडायची मुभा होती, बीएस ६ मध्ये ती ४.५ वर आली. नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. एवढी मोठी उडी निव्वळ इंजिन सुधारून मारता येत नाही. म्हणून तुझ्या गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक डीपीएफ बसवलेला आहे, म्हणजे काजळी अडवणारा सिरॅमिकचा फिल्टर. आईच्या गाडीत तो नाही. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका भागात आहे.

डीपीएफच्या बारीक जाळीत काजळी साठत जाते. ती ठरावीक प्रमाणात साठली की गाडीचा संगणक जास्तीचं डिझेल फवारून धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. त्याला रिजनरेशन म्हणतात. काजळी म्हणजे कार्बन, तो जळून जातो. पण प्रत्येक इंजिन थोडं थोडं ऑइलही जाळत असतं, आणि ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांची संयुगं मिसळलेली असतात. धातू जळून नाहीसे होत नाहीत. चुलीत लाकूड जळून जातं आणि राख मागे उरते, तसंच इथे होतं. फक्त ही राख काढायला कुणी रोज सकाळी बसत नाही. ती जाळीत कायमची बसते. कितीही वेळा रिजनरेशन झालं तरी हलत नाही.

हिशेब करून बघ. समज, तुझं इंजिन दहा हजार किलोमीटरमध्ये एक लिटर ऑइल जाळतं. एक लाख किलोमीटरमध्ये दहा लिटर, म्हणजे साधारण साडेआठ किलो. ऑइलमध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्के असेल तर जाळीत सुमारे ६८ ग्रॅम राख जाईल. तेच प्रमाण दीड टक्का असेल तर सव्वाशे ग्रॅमच्या वर जाईल. म्हणजे फिल्टरचं आयुष्य जवळजवळ निम्मं झालं. आणि डीपीएफ नवा बसवायचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. दोन डब्यांच्या किमतीत जो काही फरक असेल तो यापुढे काहीच नाही.

आता हे राखेचं प्रमाण डब्यावर कुठे लिहिलेलं असतं? सरळ आकड्यात क्वचितच. ते दडलेलं असतं डब्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ५डब्ल्यू-३० असतं, 'फुल्ली सिंथेटिक' असतं, एखादी रेसची गाडी असते. मागे असतं 'एसीईए सी३' किंवा 'एसीईए ए३/बी४'. एसीईए ही युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना. तिने ऑइलचे वर्ग ठरवले आहेत. 'सी'ने सुरू होणारे वर्ग फिल्टर असलेल्या गाड्यांसाठी, कमी राखेचे. सी२ आणि सी३ मध्ये राख ०.८ टक्क्याच्या वर जाऊ देत नाहीत. 'ए३/बी४' हा जुना, दणकट वर्ग. त्यात राखेला १.६ टक्क्यांपर्यंत जागा आहे. दोन्ही डब्यांवर पुढे ५डब्ल्यू-३० च लिहिलेलं असू शकतं. दुकानदार तुला सांगेल, "दोन्ही एकच." तो खोटं बोलत नसतो, पण त्याने फक्त पुढची बाजू वाचलेली असते.

आईच्या गाडीत आजवर ए३/बी४ वर्गाचं ऑइल पडत आलं आणि ते योग्यच होतं. त्या काळच्या डिझेलमध्ये गंधक जास्त असायचं. पुण्यात बीएस ४ चं डिझेल एप्रिल २०१० मध्ये आलं. देशातल्या ज्या तेरा शहरांत ते आधी आलं, त्यांत आपण होतो आणि सोलापूरही होतं. त्यात दहा लाख भागांत ५० भाग गंधक. त्याआधीच्या बीएस ३ मध्ये ३५० भाग. गंधक जळलं की आम्ल होतं, आणि ते मारायला ऑइलमध्ये अल्कधर्मी द्रव्यं भरपूर घालावी लागतात. तीच द्रव्यं पुढे राख होतात. आजच्या पंपावरच्या बीएस ६ डिझेलमध्ये गंधक फक्त १० भाग आहे. म्हणून आता कमी राखेचं ऑइल आईच्या गाडीलाही पुरतं. शिवाय सी३ ची जाडीची अट ए३/बी४ इतकीच कडक आहे, त्यामुळे बेअरिंगला काही कमी पडत नाही. तिच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडशी जुळतं का तेवढं बघायचं. जुळत असेल तर सी३ चा एक मोठा डबा आणून दोन्हीकडे वापर. उलट करू नकोस.

जाडीचा विषय निघालाच आहे तर त्यावर जरा थांबते, कारण आईचा गॅरेजवाला तिला गेली काही वर्षं सांगतोय, "ताई, इंजिन जुनं झालं, डिझेल आहे, जाड ऑइल घाला, आवाज कमी होईल." तुलाही तो हेच सांगेल. तो माणूस चांगला आहे आणि हाताला हुशार आहे. त्याचा सल्लाही उगाच आलेला नाही, तो या शहराच्या अनुभवातून आला आहे. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये सुरू झाली, कोथरूडला १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स आली, आणि १९६६ मध्ये वाहन उद्योगाची चाचणी-संशोधन संस्था, एआरएआय, स्थापन झाली. ती जिथे उभी आहे त्या वेताळ टेकडीच्या भागाला अर्धं कोथरूड एआरएआयची टेकडीच म्हणतं. पुण्याचे मेकॅनिक डिझेलवर शिकले. पण ते डिझेल शेतीपंपाचं, जनरेटरचं, टेम्पोचं होतं. मिनिटाला पंधराशे फेरे घेणारं, भक्कम, सैल बसवलेलं इंजिन. त्याला एकाच ग्रेडचं जाड ऑइल छान मानवायचं. डिसेंबर १९९८ मध्ये पिंपरीची इंडिका आली, तिचं १.४ लिटरचं डिझेल इंजिनही सुरुवातीला टर्बोशिवाय होतं आणि ऑइलच्या बाबतीत बरंच काही सोसायचं.

मल्टिजेटसारखं कॉमन रेल इंजिन आलं आणि हे सगळं बदललं. कॉमन रेलची पहिली कार १९९७ ची, इटलीची अल्फा रोमिओ १५६. दहाएक वर्षांत ते तंत्र आपल्या गल्लीतल्या स्विफ्टपर्यंत पोचलं. दोन भागांमधल्या फटी बारीक झाल्या, टर्बो आला. टर्बोचा दांडा मिनिटाला लाख-दीड लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो कशावर तरंगतो? इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. शिवाय आईच्या गाडीत टायमिंग बेल्ट नाही, साखळी आहे, आणि ती साखळी ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. पहाटे गाडी सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत ऑइल तिथे पोचलं पाहिजे. जास्त जाड ऑइल उशिरा पोचतं. आवाज कमी झाल्यासारखा वाटतो हे खरं, पण झीज त्या पहिल्या सेकंदांत होत राहते. इंजिन ऑइल पीत असेल तर जाड ऑइल घालून ते झाकू नये. गळती आहे का, टर्बोचं सील गेलंय का, हे शोधून काढायला लाव.

ग्रेडचे आकडे असे वाच. ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम इंजिनातला. ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० अंशालाही ठरावीक मर्यादेत राहून इंजिन फिरवू देणारं. १५डब्ल्यू म्हणजे उणे २० पर्यंत. तू म्हणशील, पुण्यात एवढी थंडी कुठे? खरं आहे. जानेवारीत शिवाजीनगरला पारा दहाच्या खाली आला तरी बातमी होते. पण त्या दहा अंशांतही १५डब्ल्यू ऑइल ५डब्ल्यूपेक्षा बरंच जाड असतं, आणि फरक पडतो तो तिथेच. दुसरा आकडा १०० अंशांना ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. ३० पेक्षा ४० जाड. पण बेअरिंगच्या आत ऑइल याहून तापतं आणि दाबाखाली चिरडलं जातं, म्हणून १५० अंशांवर, जोराने घुसळत असतानाची जाडी वेगळी मोजतात. ए३/बी४ आणि सी३ या दोन्ही वर्गांत ती किमान ३.५ असावी लागते. सी२ मध्ये २.९ पुरते, सी५ मध्ये त्याहून कमी. म्हणजे दोन डब्यांवर ३० लिहिलेलं असूनही एक दुसऱ्यापेक्षा पातळ असू शकतं. तुझ्या गाडीचं मॅन्युअल सी२ सांगत असेल तर सी२ आण, सी३ ही चालेल असं लिहिलं असेल तर सी३ आण. इंजिन बनवणाऱ्यांनी पंपाचा दाब, फटी, अ‍ॅव्हरेज हे सगळं धरून ती ओळ लिहिलेली असते. आपल्याला वाटतं म्हणून त्यात बदल करायचा नाही.

काही कंपन्या याच्याही पुढे जातात. फोक्सवॅगनचे ५०५ ००, ५०५ ०१, ५०७ ०० असे स्वतःचे नंबर आहेत, मर्सिडीजचे २२९.५१, २२९.५२ असे. खालच्या मजल्यावरच्या काकांची चाकणला बनलेली पोलो डिझेल आहे, त्यांना हे सांग, ते विचारत होते. डब्यावर 'अप्रूव्हल' असा शब्द आणि पुढे नंबर असेल, तर गाडीच्या कंपनीने ते ऑइल तपासून मान्य केलं आहे. नुसतंच 'योग्य' किंवा 'आवश्यकता पूर्ण करते' असं असेल, तर तो ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा आहे. चांगल्या कंपनीचा दावा खोटा नसतो, पण वॉरंटीत असलेल्या गाडीसाठी मी पहिलाच शब्द शोधते.

'सिंथेटिक' या शब्दावर मात्र फार विसंबू नकोस. अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती की, खनिज तेलावरच खोल प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइलला तुम्ही सिंथेटिक कसं म्हणता. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या मंडळाने १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. तेव्हापासून बहुतेक बाजारांत अशा ऑइललाही सिंथेटिक म्हणतात. ती ऑइलं वाईट नाहीत, उलट उत्तम असतात. पण त्या शब्दाने राख किती, वर्ग कोणता, हे काहीच कळत नाही. सी३ वर्गाच्या सगळ्या अटी पाळणारं साधं दिसणारं ऑइल हे चकचकीत डब्यातल्या ए३/बी४ सिंथेटिकपेक्षा तुझ्या गाडीला शतपट चांगलं. तसंच गॅरेजमधल्या मोठ्या ड्रममधून सुटं मिळणारं १५डब्ल्यू-४०, मागे 'सीआय-४ प्लस' लिहिलेलं. ते ट्रकचं ऑइल आहे. ट्रकसाठी चांगलंच आहे. तुझ्या डीपीएफला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर मी हट्ट धरणार आहे. मॅन्युअल म्हणतं, ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. तुझी रोजची वाट कोथरूड ते हिंजवडी. पंधरा-सोळा किलोमीटर, आणि संध्याकाळी परत यायला तास लागतो असं तूच सांगतोस. चांदणी चौकात पूल झाले तरी पुढची गर्दी आहेच, आणि दुसऱ्या बाजूने आलास तर गणेशखिंड रस्ता. ताशी सोळा किलोमीटरच्या वेगाने दहा हजार किलोमीटर म्हणजे इंजिन सव्वासहाशे तास चाललं. जो माणूस तीच गाडी हायवेवर ताशी साठने चालवतो, त्याचं इंजिन तेवढ्याच अंतराला १६७ तास चालतं. किलोमीटर सारखेच, पण तुझ्या ऑइलने जवळजवळ चौपट वेळ काम केलं. त्यातला कितीतरी वेळ क्लच दाबून, एसी लावून, उभ्याने. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर 'सिव्हिअर कंडिशन' असा एक छोटा तक्ता असतो. धूळ, छोट्या फेऱ्या, थांबत थांबत चालणारी वाहतूक असेल तर ऑइल लवकर बदला, असं त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता पुण्यात रोज ऑफिसला गाडी नेणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. माझं मत विचारशील तर आठ हजारांच्या पुढे जाऊ नकोस, आणि ऑइलबरोबर ऑइल फिल्टर दर वेळी.

याच वाटेचा दुसरा त्रास डीपीएफला होतो. रिजनरेशन पूर्ण व्हायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. तू सिग्नलमागून सिग्नल करत घरी पोचतोस आणि ते अर्धवट असतानाच गाडी बंद करतोस. पुढच्या वेळी पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. प्रत्येक वेळी जे जास्तीचं डिझेल फवारलं जातं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वाढते. हो, वाढते. आपल्याकडे ऑइल कमी झालं की माणसं घाबरतात, वाढलं की खूश होतात. डीपीएफच्या गाडीत वाढलेलं ऑइल जास्त धोक्याचं. पातळी फार वर गेली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं, आणि डिझेल इंजिन तसं सुटलं तर चावी काढूनही थांबत नाही.

म्हणून डिपस्टिक. दर रविवारी, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. काढ, पूस, पुन्हा घाल, काढ आणि वाच. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये असेल तर ठीक. वरच्या खुणेच्या पुढे गेलं आणि वास डिझेलचा आला, तर किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑइल बदलायचं. आणि आठवड्यातून एकदा गाडी बायपासवर किंवा एक्स्प्रेस वेवर काढ, वीसेक मिनिटं एका लयीत चालव. खंबाटकी चढून साताऱ्याकडे मामाला भेटून आलास तर दोन्ही कामं होतील. घाट चढून लगेच थांबलास तर गाडी तशीच बंद करू नकोस, अर्धा-एक मिनिट चालू ठेव. टर्बो तापलेला असतो आणि ऑइलचा प्रवाह थांबला की आत अडकलेलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं.

रंग बघून ऑइल बदलू नकोस, हेही सांगते, कारण आईने मागे असंच केलं होतं. नवं ऑइल घातल्यावर आठवड्यात काळंकुट्ट दिसलं आणि तिला वाटलं फसवणूक झाली. डिझेल इंजिनात ऑइल काळं होणारच. काजळीचे कण धरून ठेवून इंजिनच्या भिंतीवर बसू न देणं हे त्याचं कामच आहे. बरेच दिवस चालवूनही डिझेल गाडीचं ऑइल सोनेरी राहिलं, तर मला उलट शंका येईल.

खरेदीचं थोडक्यात. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत चांगला भाव मिळतो, आणि तिथे प्रामाणिक, पिढ्यान्‌पिढ्यांचे दुकानदार आहेत. पण कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घे, किंवा सरळ पेट्रोल पंपावरून. बिल घे, त्यावर ऑइलचं पूर्ण नाव लिहून घे. सील तुझ्यासमोर फोडायला लाव, आणि काम झाल्यावर रिकाम्या डब्याला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाड. नकली ऑइल बनवणाऱ्यांना असेच सुस्थितीतले रिकामे डबे लागतात. 'इंजिन फ्लश' आणि झाकण उघडून ओतायच्या छोट्या बाटल्या कुणी विकायला लागलं तर नको म्हण. जे लागतं ते ऑइलमध्ये आधीच मोजून घातलेलं असतं.

आणि शेवटचं, ज्याची मला गाडीपेक्षाही जास्त काळजी वाटते. चेंबर उघडून काढलेलं जळकं ऑइल कुठे जातं? आपल्याकडे ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, आणि उरलेलं गटारात ओततात. पुण्याची गटारं आणि नाले मुळा-मुठेलाच मिळतात. त्या ऑइलमध्ये काजळी आहे, धातू आहेत, अर्धवट जळलेली विषारी संयुगं आहेत. कायद्याने ते घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांतच तसं आहे, आणि एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून शुद्ध करून घेण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवरही टाकली आहे. हे ऑइल शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. पण त्यासाठी ते आधी गॅरेजमधून नोंदणीकृत गोळा करणाऱ्याकडे पोचायला हवं.

तेव्हा पुढच्या शनिवारी असं कर. दोन्ही गाड्यांची मॅन्युअलं काढ, इंजिन ऑइलच्या पानाचे फोटो मला पाठव, मी वर्ग आणि ग्रेड कळवते. बहुधा सी३, ५डब्ल्यू-३० वरच दोन्ही गाड्या जुळतील. दोन्ही गाड्यांत मिळून किती लिटर जातं ते मोजून एक मोठा आणि लागला तर एक छोटा डबा आण, दोन नवे ऑइल फिल्टर आण, आणि आईच्या गॅरेजवाल्याकडेच काम करून घे. त्याला राखेचा हिशेब समजावून सांग, तो ऐकेल, त्याच्याकडे रोज अशा गाड्या येऊ लागल्या आहेत. आणि गाड्या जॅकवर चढवायच्या आधी त्याला एवढंच विचार की, काढलेलं काळं ऑइल तू कुणाला देतोस. उत्तर मिळालं नाही, तर काळं ऑइल आपल्याच रिकाम्या डब्यात भरून घरी आण. त्या डब्याला भोक नंतर पाड. ऑइल कुठे नेऊन द्यायचं ते मी बघते.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी